जुन्या मासिकांचा गठ्ठा कसा वाचावा

माळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या मासिकांचा गठ्ठा सापडला की ते अंक झटकून वर्षवार लावण्याची घाई होते. ती आवरावी. कोणता अंक कशाखाली होता, कोणत्या पानात कात्रण किंवा पोस्टकार्ड खुपसलेले होते, कोणत्या वर्षानंतर अंक येणे एकदम थांबले, यांवरून त्या घराविषयी बरेच काही कळते, आणि रचना एकदा मोडली की ती माहिती परत मिळत नाही. म्हणून आधी छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक अंकात क्रमांक लिहिलेली सुटी चिठ्ठी ठेवून मगच गठ्ठा हलवावा.

साफसफाई बेताचीच करावी. मऊ, कोरड्या ब्रशाने धूळ काढावी, अंक उन्हात पसरू नयेत, कारण लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद उन्हाने लवकर पिवळा आणि ठिसूळ होतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर कधीच लावू नये. तिचा डिंक काही वर्षांनी तपकिरी होऊन अक्षरांवर उतरतो.

मुखपृष्ठ गेलेल्या अंकाचे वर्ष ठरवणे हे खरे रंजक काम आहे. अंकावर शक छापलेला असेल, तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावेत. म्हणजे कार्तिक शके १८५१ हा १९२९ सालचा, तर त्याच शकातला माघ १९३० सालचा ठरतो. किंमत केवळ आण्यांत असेल तर अंक साधारणपणे एप्रिल १९५७ पूर्वीचा समजावा. ‘नये पैसे’ हा उल्लेख त्यानंतरचा, आणि त्यातला ‘नये’ १९६४ मध्ये गळला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर अंक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचाच. ‘नाहीं’, ‘घरांत’ असे अनुच्चारित अनुस्वार सर्वत्र दिसले, तर तो बहुधा १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचा असतो, पण काही संपादकांनी जुनी सवय पुढेही सोडली नाही, त्यामुळे एकाच खुणेवर विसंबू नये.

वाचायला बसल्यावर नामवंतांच्या कथा शेवटी ठेवाव्यात, असे माझे मत आहे. त्यांपैकी बऱ्याच पुढे संग्रहांत आल्या आहेत. जे पुस्तकात कधीच आले नाही ते आधी वाचावे: वाचकांची पत्रे, आरोग्याचे सल्ले, स्पर्धांचे निकाल, संपादकाने वर्गणी थकवणाऱ्यांना केलेल्या विनवण्या आणि अर्थात जाहिराती. १९२० साली किर्लोस्करवाडीला सुरू झालेली ‘किर्लोस्कर खबर’ मुळात कारखान्याचीच पत्रिका होती, आणि तिच्यातून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक घडले, हे ध्यानात घेतले तर मासिकातला मजकूर आणि बाजार यांना वेगळे काढणे किती अवघड आहे ते उमगते. मात्र जाहिरातीतली वस्तू घरोघरी होती असे समजू नये. ग्राहकाला कशाचा मोह पडेल याविषयी विक्रेत्याचा अंदाज काय होता, एवढेच तिच्यावरून नक्की कळते.

सगळेच टिपायला गेले तर काहीच हाती लागत नाही. एक प्रश्न निवडून तो वर्षानुवर्षांच्या अंकांतून नेटाने शोधावा. उदाहरणार्थ, लेखिकांची नावे कशी छापली जात होती? ‘सौ.’ किंवा ‘कु.’ लावून, टोपणनावाने, नुसत्या आद्याक्षरांनी, की पूर्ण नावाने? १९३० साली निघालेल्या ‘स्त्री’चे काही वर्षांचे अंक घरात असतील, तर हा प्रश्न फार फलदायी ठरेल. पत्रलेखकांची गावेही वहीत उतरवावीत; त्यांत इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद अशी नावे आली, तर मासिक कुठवर पोहोचत होते ते नकाशावर मांडता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले अंक एकाएकी बारीक झालेले दिसले, तर ते संपादकाच्या आळसाचे लक्षण मानू नये. तेव्हा कागदावर नियंत्रण होते.

छापील मजकुराइतकेच लक्ष पानांवर हाताने लिहिलेल्या मजकुराकडे द्यावे. समासातला दुधाचा हिशेब, दोन वेगळ्या अक्षरांत सोडवलेले शब्दकोडे, अधोरेखित केलेला औषधाचा उतारा यांचा खुलासा घरातली वडीलधारी माणसेच करू शकतात, तेव्हा अंक त्यांच्यासमोर ठेवून, ते बोलतील तसे लिहून घ्यावे.

मधले अंक गहाळ असतील तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) येथे चौकशी करावी. बालभारतीने ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. आपल्या अंकांच्या स्कॅन प्रती निदान ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) काढाव्यात आणि प्रत्येक फाइलच्या नावात मासिक, वर्ष व महिना लिहावा. घरच्या अभ्यासासाठी एवढे पुरते, पण लेख इतरांसाठी प्रसिद्ध करायचा असेल तर भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, हे आधी तपासून वारसांची परवानगी घ्यावी.