२४क्यू मध्ये चूक निघाली? आधी टॅली, मग चलन, मग करेक्शन

२४क्यू म्हणजे पगारातून कापलेल्या टॅक्सचं (टीडीएस) दर तिमाहीचं रिटर्न. त्यात चूक निघाली, डिफॉल्टचं म्हणजे टॅक्स कमी कापला किंवा कमी भरला असं इंटिमेशन आलं की बहुतेक जण थेट ट्रेसेस (आयकर विभागाचं टीडीएसचं पोर्टल) उघडून करेक्शनच्या मागे लागतात, आणि तिथेच गडबड होते. चूक तीन ठिकाणी असू शकते, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधल्या पगाराच्या एन्ट्रीत, बँकेत भरलेल्या चलनात, नाहीतर रिटर्नमध्ये टाकलेल्या आकड्यात. ती नेमकी कुठे आहे हे कळल्याशिवाय करेक्शन भरलं तर महिन्याभरात दुसरं भरावं लागतं. आणि यात भरडला जातो तो कर्मचारी, पगारातून टॅक्स कापला गेलाय पण २६एएस मध्ये (त्याच्या नावावर जमा झालेल्या टॅक्सचं पत्रक) दिसत नाही, रिफंड अडकतो किंवा उलट त्यालाच डिमांड येते. म्हणून हे काम "बघू नंतर" म्हणून ढकलू नका.

खाली लिहिलंय ते २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांच्या २४क्यू साठी. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा आलाय, त्यात कलमं आणि फॉर्म नंबर बदललेत आणि मोठा बदल म्हणजे करेक्शनची मुदत सहा वर्षांवरून दोन वर्षांवर आलीये, रिटर्न ज्या वर्षात भरायचं होतं त्या वर्षाच्या शेवटापासून मोजून. म्हणजे २०२५-२६ च्या पहिल्या तीन तिमाह्यांसाठी ३१ मार्च २०२८ पर्यंतच हात चालवता येईल.

सुरुवात टॅलीपासून करा. आधी बॅकअप घ्या. मग त्या तिमाहीतल्या तीनही महिन्यांचं पगारपत्रक काढा आणि शेजारी टीडीएस पेएबल लेजर (कापलेल्या टॅक्सचं खातं) उघडा, कर्मचाऱ्यांकडून कापलेली बेरीज आणि लेजरमधली क्रेडिट बेरीज महिन्यागणिक जुळायलाच हवी. नसेल जुळत तर कुणीतरी पेरोल व्हाउचर सोडून जर्नलमधून एन्ट्री मारलीये असं समजा, ती शोधा. आता महत्त्वाचं, ज्या वर्षाचं ऑडिट झालंय, बॅलन्स शीट सही होऊन गेलीये, त्या वर्षातलं व्हाउचर उघडून आकडा बदलू नका, फरकाची एन्ट्री चालू वर्षात पास करा आणि नॅरेशनमध्ये तिमाही आणि कारण लिहा. वर्ष अजून चालू असेल तर व्हाउचर दुरुस्त करायला हरकत नाही.

इथेच एक प्रश्न स्वतःला विचारा, खरंच करेक्शन लागतंय का? समजा जुलैत एखाद्याचा टॅक्स हिशोब चुकून कमी कापला गेला आणि डिसेंबरात लक्षात आलं. कलम १९२(३) प्रमाणे कमी-जास्त कापलेला टॅक्स त्याच वर्षाच्या पुढच्या महिन्यांत ॲडजस्ट करता येतो. जुलैत जेवढा कापला तेवढाच भरला आणि तेवढाच रिटर्नमध्ये दाखवला असेल तर त्या तिमाहीचं रिटर्न बरोबरच आहे, त्याला हात लावायचं काहीच कारण नाही, उरलेल्या महिन्यांत फरक वसूल करा आणि झालं. करेक्शन लागतं ते जे घडलं त्यापेक्षा वेगळं रिटर्नमध्ये गेलं असेल तेव्हा.

मग चलन. चलन २८१ ची पावती हातात घ्या आणि चार गोष्टी ताडून बघा: सात आकडी बीएसआर कोड, तारीख, पाच आकडी चलन नंबर, रक्कम. टॅलीच्या चलन रिकन्सिलिएशनमध्ये हेच टाकलेलं असतं आणि तिथून ते रिटर्नमध्ये जातं, त्यामुळे तिथे १८,५०० चं १५,८०० झालं की एकतर फाइल व्हॅलिडेशनलाच अडकते नाहीतर पुढे २,७०० चा शॉर्ट पेमेंट डिफॉल्ट उभा राहतो, पैसे सरकारकडे पूर्ण गेलेले असूनही. खाजगी आस्थापनेच्या पगारासाठी सेक्शन कोड ९२बी असतो, तोही बघा. पण चलन भरतानाच टॅन (टॅक्स कापणाऱ्याचा नंबर) चुकीचा टाकला असेल तर रिटर्न दुरुस्त करून ते सुटत नाही, चलन दुरुस्तीचा वेगळा अर्ज करावा लागतो, त्याशिवाय पुढे जाऊ नका.

उशिराचं व्याज बऱ्याच जणांना कमी वाटतं म्हणून एक हिशोब सांगते. ३१ जुलैला १२,००० कापले, भरायची तारीख ७ ऑगस्ट, भरले १० ऑगस्टला. तीन दिवस उशीर म्हणून थोडंसंच लागेल असं वाटतं, पण दीड टक्का दर महिना कापल्याच्या तारखेपासून मोजतात आणि महिन्याचा तुकडा पूर्ण महिना धरतात, जुलै एक आणि ऑगस्ट दुसरा, म्हणजे तीन टक्के, ३६० रुपये. हे आधी चलनाने भरा, मगच ते चलन करेक्शनमध्ये जोडा. रिटर्नच उशिरा गेलं असेल तर कलम २३४ई ची फी वेगळी, दिवसाला २०० रुपये, कमाल टीडीएसच्या रकमेइतकी.

आता पॅन. सगळ्यात जास्त चुका इथेच असतात आणि सगळ्यात महागही हीच पडते, कारण पॅन अवैध निघाला की सिस्टिम किमान २० टक्क्याने टॅक्स मोजते आणि शॉर्ट डिडक्शन काढते. टॅलीत एम्प्लॉयी मास्टर उघडून प्रत्येक पॅन डोळ्याखालून घाला. माणसाच्या पॅनमधलं चौथं अक्षर पी असतं आणि पाचवं त्याच्या आडनावाचं पहिलं इंग्रजी अक्षर. जाधव असेल आणि पाचव्या जागी जी दिसतंय तर कार्ड मागवा (लग्नानंतर आडनाव बदललेल्यांचं पाचवं अक्षर जुन्या आडनावाचं असू शकतं, ते बरोबरच आहे). तिथे ओ आणि शून्य, आय आणि एक यांचीही अदलाबदल झालेली सापडते. अक्षर जुळलं म्हणजे पॅन बरोबर असं नाही, शेवटी ट्रेसेसवर पॅन व्हेरिफाय करून नाव जुळतंय का बघाच.

एवढं झालं की ट्रेसेस. आधी जस्टिफिकेशन रिपोर्ट मागवा, त्यात कुठल्या चलनाखाली कुठल्या माणसामुळे किती डिफॉल्ट निघालाय ते ओळीओळीने लिहिलेलं असतं, इंटिमेशनवरची एकूण रक्कम बघून अंदाज बांधू नका. मग त्या तिमाहीची कन्सो फाइल (भरलेल्या रिटर्नची एकत्रित फाइल, करेक्शन हिच्यावर करतात) रिक्वेस्ट करा. डिजिटल सही नसेल तर केवायसी विचारतात, त्यात मूळ रिटर्नचा पंधरा आकडी टोकन नंबर, एका चलनाचा तपशील आणि त्या चलनातले पॅन आणि रकमेच्या तीन जोड्या लागतात, तीनपेक्षा कमी माणसं असतील तर जेवढी आहेत तेवढी. इथे जुन्या रिटर्नमध्ये जे गेलंय तेच टाकायचं, दुरुस्त केलेलं नाही, नाहीतर केवायसी फेल. फाइल झिपमध्ये येते, पासवर्ड म्हणजे टॅन, अंडरस्कोर आणि रिक्वेस्ट नंबर.

एकदोन पॅन किंवा एखादं चलन एवढंच असेल तर ट्रेसेसवरचं ऑनलाइन करेक्शन पुरतं. जास्त असेल तर कन्सो फाइल आरपीयूत (रिटर्न तयार करायचं सॉफ्टवेअर) इम्पोर्ट करा, टॅलीतून नवीन फाइल एक्सपोर्ट करून तीच परत अपलोड करायचा प्रयत्न करू नका, ते रेग्युलर रिटर्न होतं आणि रिजेक्ट होतं. टॅलीचे दुरुस्त आकडे शेजारी ठेवून आरपीयूत फक्त चुकलेल्या ओळी बदला. माणूस चुकून दोनदा आला असेल तर ती ओळ डिलीट होत नाही, रकमा शून्य करायच्या. चौथ्या तिमाहीचं ॲनेक्शर २ (प्रत्येकाच्या वर्षभराच्या पगाराचा आणि टॅक्सचा तपशील) मात्र वेगळं, तिथे ओळ काढून नव्याने भरायची. आणि तिथे रिजीम, म्हणजे जुनी की नवी टॅक्स पद्धत, नक्की तपासा. २०२३-२४ पासून नवी रिजीम डिफॉल्ट आहे, कर्मचाऱ्याने जुनी मागितली आणि मास्टरमध्ये बदललंच नाही तर ८०सी वगैरे वजावटी सगळ्या उडतात. स्टँडर्ड डिडक्शनही वेगळं, २०२४-२५ पासून नवीनमध्ये ७५,०००, जुन्यात ५०,००० च. एका माणसाची ओळ घेऊन ग्रॉसपासून टॅक्सपर्यंत हाताने मोजा, ती जुळली तर बाकीच्या नीट बघता येतात.

मग इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरून ताजी सीएसआय फाइल (भरलेल्या चलनांची नोंद) घ्या, नवीन व्याजाच्या चलनाची तारीख त्या कालावधीत येते ना ते बघा, आणि सध्याच्या व्हर्जनच्या एफव्हीयूने (फाइल तपासायचं सॉफ्टवेअर) व्हॅलिडेट करा. एरर आली तर एरर फाइलमध्ये लाइन नंबर असतो, तो वाचा. मग अपलोड.

प्रोसेस व्हायला काही दिवस जातात. स्टेटस प्रोसेस्ड दिसेपर्यंत त्याच तिमाहीचं दुसरं करेक्शन टाकू नका, आणि टाकायचंच असेल तर कन्सो फाइल नव्याने मागवा, जुन्या फाइलवर केलेलं काम रिजेक्ट होतं. प्रोसेस झाल्यावर डिफॉल्ट शून्य झालाय का बघा, फॉर्म १६ चे दोन्ही भाग परत डाउनलोड करा आणि ज्यांच्या ओळी बदलल्या त्यांना त्याच दिवशी पाठवून सांगा की जुना फॉर्म वापरू नका, २६एएस उघडून आकडा बघा, आणि त्या जुन्या आकड्यांवर आयटीआर भरून झालं असेल तर ते रिवाइज करायला लागेल. टोकन पावती, जस्टिफिकेशन रिपोर्ट आणि फरकाच्या टॅली एन्ट्रीची प्रिंट एकाच फाइलला लावून ठेवा, ऑडिटवाले हे तिन्ही मागतात.