टर्कीशिवाय ख्रिसमसचं जेवण: कोंबडी, बदक आणि बाकीचे पर्याय

टर्कीचा खरा गुण तिचा आकार. पाच-सहा किलोचा एक पक्षी दहा-बारा माणसांना पुरतो, म्हणून इंग्लंड-अमेरिकेत तिने ख्रिसमसच्या टेबलावर जागा मिळवली. चार ते आठ माणसांच्या जेवणात मात्र हाच आकार आड येतो. छातीचं मांस आधी शिजतं, मांड्या मऊ व्हायला जास्त उष्णता लागते, आणि मांड्या होईपर्यंत छाती कोरडी पडते. गोठवलेली पाच किलोची टर्की फ्रिजमध्ये सुटायलाच अडीच दिवस जातात. आपल्याकडच्या ३०-३५ लिटरच्या ओटीजीत (घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) ती मावणंही कठीण.

पक्षी कुठलाही ठरवा, आधी ओटीजीची आतली उंची मोजा. पक्ष्याची पाठ आणि वरची कॉइल यांत किमान पाच सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर वरची कातडी करपते आणि आत मांडीजवळ रक्त राहतं. माणशी कच्चं वजन असं धरा: कोंबडी ४०० ग्रॅम, बदक ५५० ग्रॅम, हाड काढलेलं पोर्क २५० ग्रॅम. बदकाचा आकडा मोठा आहे, कारण त्यात हाडं आणि चरबी फार. दोन किलोचं बदक बघायला भरपूर वाटतं, पण पुरतं चौघांनाच.

आख्खी भाजलेली कोंबडी

सहा-आठ माणसांसाठी एक मोठी कोंबडी शोधत बसू नका, दीड-दीड किलोच्या दोन घ्या. चार तंगड्या मिळतात, भाजायला वेळ कमी लागतो आणि छाती रसरशीत राहते.

खाटकाकडे स्पष्ट सांगावं लागतं: कातडीसकट, आख्खी, पिसं काढलेली, पोट साफ केलेली. न सांगता मागितली तर बहुतेक दुकानांत कातडी सोलूनच देतात, आणि कातडीशिवाय रोस्ट होत नाही, नुसती सुकी कोंबडी होते. नाताळच्या आठवड्यात दोन दिवस आधी सांगून ठेवा. मान आणि पेठा (गिझार्ड) मागून घ्या, ग्रेव्हीला लागतात.

घरी आणल्यावर नळाखाली धुऊ नका. शिंतोड्यांतून जंतू ओटाभर पसरतात आणि कातडी ओली होते ती वेगळीच. कागदी रुमालाने आतून-बाहेरून टिपा. किलोला १२ ग्रॅम, म्हणजे सपाट दोन चमचे बारीक मीठ आतून-बाहेरून चोळा आणि फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात उघडीच ठेवा, १२ ते २४ तास. मीठ आधी पाणी बाहेर काढतं, मग तेच खारट पाणी मांसात परत शोषलं जातं. उघडी ठेवल्याने कातडी सुकते. कुरकुरीत कातडीचं अर्धं काम इथेच होतं, मसाल्यात नाही.

भाजण्याआधी पाऊण तास बाहेर काढा. ५० ग्रॅम मऊ लोणी, सहा पाकळ्या ठेचलेला लसूण, एका लिंबाची किसलेली साल आणि अर्धा चमचा मिरपूड एकत्र करा. छातीच्या बाजूने बोटं घालून कातडी अलगद सुटी करा आणि हे लोणी कातडीखाली पसरा. वरून लावलेला लसूण करपून कडू होतो. पोटात अर्धं लिंबू आणि एक कांदा घाला, बस. ब्रेडचं सारण पोटात ठासू नका: ते पुरेसं गरम होईपर्यंत कोंबडी जास्त भाजली जाते, आणि लवकर काढलं तर कच्च्या रसात भिजलेलं सारण पोट बिघडवतं. सारण वेगळ्या भांड्यात भाजा.

ट्रेमध्ये कांदा-गाजराच्या जाड चकत्या पसरा, त्यावर कोंबडी ठेवा. थेट ट्रेमध्ये ठेवली तर खालची बाजू स्वतःच्या रसात उकडते. ओटीजी १५ मिनिटं तापवून २०० अंशांवर २० मिनिटं, मग १८० वर ४५ ते ५५ मिनिटं. दोन कोंबड्या एकत्र असतील तर मध्ये चार बोटं जागा ठेवा, निम्म्या वेळेत ट्रे उलट्या बाजूने फिरवा आणि एकूण १५ मिनिटं जास्त धरा. छाती लवकर लाल झाली तर फक्त छातीवर फॉइल टाका.

झाली की नाही हे रंगावरून ओळखू नका. मांस मोजायचा थर्मामीटर हाडाला न टेकवता मांडीच्या जाड भागात घाला, ७४ अंश हवेत. थर्मामीटर नसेल तर तिथेच सुरी खुपसा. रस पाण्यासारखा स्वच्छ आला तर झाली, गुलाबी आला तर आणखी दहा मिनिटं. बाहेर काढल्यावर २० मिनिटं हात लावू नका. लगेच कापली तर सगळा रस ताटात जातो.

ग्रेव्हीसाठी मान आणि पेठा पाऊण लिटर पाण्यात कांद्याबरोबर तासभर आधीच उकळून गाळून ठेवा. कलेजी त्यात नको, कडवटपणा येतो. ट्रेमधली जास्तीची चरबी काढा, दोन मोठे चमचे राहू द्या, त्यात दोन मोठे चमचे मैदा दोन मिनिटं परता आणि गरम रस्सा थोडा थोडा घालत ढवळा. गार रस्सा एकदम ओतला की गुठळ्या होतात. दहा मिनिटं उकळवा, मीठ शेवटी चाखून घाला, कारण ट्रेमधला रस आधीच खारट असतो.

बदक

सणाचा थाट हवा असेल तर आमचं मत बदकाला. पण विकत घेताना एक प्रश्न विचारा: कोवळं की अंडी देऊन झालेलं? सगळी पाककृती याच उत्तरावर ठरते.

कोवळं फार्मचं बदक ओव्हनमध्ये जातं. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला तेलाची ग्रंथी असते, ती खाटकाकडून कापून घ्या; राहिली तर सगळ्या मांसाला उग्र वास लागतो. उरलेली बारीक पिसं गॅसच्या आचेवर जाळून पुसा. जाड सुईने कातडी तिरकी टोचा, म्हणजे चरबीला वाट मिळेल पण मांसाला भोक पडणार नाही. सिंकमध्ये जाळीवर ठेवून दोन लिटर उकळतं पाणी हळूहळू ओता, कातडी ताणली जाते. टिपून, मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये उघडं ठेवा.

दुसऱ्या दिवशी जाळीवर ठेवा, खाली खोल ट्रेमध्ये बोटभर पाणी. हे पाणी विसरू नका: तापलेल्या कोरड्या ट्रेमध्ये चरबी ठिबकली की घरभर धूर होतो, आणि कॉइलवर उडाली तर पेट घेते. दोन किलोला १८० अंशांवर पावणेदोन तास, दर अर्ध्या तासाने ट्रे जपून रिकामा करून पुन्हा पाणी घाला. शेवटची १५ मिनिटं २२०. काढलेल्या पाण्यावरची चरबी गाळून फ्रिजमध्ये ठेवा, बटाट्यांसाठी तिच्यासारखं काही नाही. एक किलो जुने बटाटे (नव्यात पाणी जास्त, कडा कुरकुरीत होत नाहीत) मोठे कापून दहा मिनिटं उकळा, निथळून भांड्यातच हलवा म्हणजे कडा खरबरीत होतील, मग तापलेल्या चरबीत २०० अंशांवर ५० मिनिटं.

जून बदक ओव्हनमध्ये टाकू नका, चामडं होईल. त्यासाठी वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन (तिथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या) घरांतलं बदकाचं मोईल, म्हणजे आंबट-तिखट रस्सा, करा. दीड किलो बदकाचे तुकडे, चार उभे चिरलेले कांदे, दोन मोठे चमचे आलं-लसूण, सात-आठ चिरलेल्या हिरव्या मिरच्या, तीन चमचे बॉटल मसाला (बाटलीत भरून ठेवतात तो ईस्ट इंडियन मिश्र मसाला), थोडी हळद. कांदा सोनेरी परता, तुकडे दहा मिनिटं परता, दोन कप पाणी घालून मंद आचेवर दीड-दोन तास. कुकरमध्ये पाच शिट्ट्या. मग बटाट्याच्या फोडी घाला, त्या मऊ झाल्यावरच तीन मोठे चमचे व्हिनेगर. व्हिनेगर आधी पडलं तर आंबटपणामुळे बटाटा कितीही शिजवा, कडकच राहतो. आदल्या दिवशी केलेलं मोईल जास्त मुरतं, आणि जोडीला फुगे (तळलेले गोल पाव) असतील तर दुसरं काही नको.

युरोपातला जुना मान हंसाचा (इंग्रजीत ‘गूज’). तो मिळतो तिथल्या मराठी घरांसाठी एवढंच: पाच किलोचा हंस सहा-सात जणांनाच पुरतो, चरबी बदकाहून जास्त, पद्धत तीच.

पोर्क

दोन किलोची कातडीसकट मांडी, हाड काढलेली, आठ जणांना. कातडीवर बोटभर अंतराने चिरा द्या. चिर चरबीपर्यंत जावी, मांसापर्यंत नको, नाहीतर रस वर येऊन कातडी भिजवतो. रात्रभर उघडी सुकवा, मीठ चोळा. २३० अंशांवर अर्धा तास, मग १७० वर दोन तास, आत ७० अंश. कातडी फुलली नाही तर ती कापून वेगळी करा आणि फक्त ग्रिलखाली पाच मिनिटं ठेवा, समोर उभं राहून. गोव्याच्या सोरपोतेलसाठी (पोर्कचं व्हिनेगर घातलेलं मसालेदार कालवण) तर ओव्हनच लागत नाही. दोन-तीन दिवस आधी करून रोज एकदा उकळी द्यायची. जुन्या गोवेकर पाककृतींत ‘पेरू’ भाजायला सांगितला असेल तर फळ समजू नका, पोर्तुगीजमध्ये टर्कीचं ते नाव आहे.

न खाणाऱ्यांसाठी

पाहुण्यांत शाकाहारी कोणी असेल तर त्यांना नुसत्या भाज्यांवर बसवू नका. २०० ग्रॅम काजू-अक्रोड भरड वाटून, १५० ग्रॅम बारीक चिरून कोरडी परतलेली मशरूम, एक परतलेला कांदा, १५० ग्रॅम शिजवून घट्ट निथळलेली मसूर, १०० ग्रॅम ब्रेडचा चुरा, आणि दोन चमचे जवसपूड सहा चमचे पाण्यात भिजवून. मीठ-मिरपूड घालून, कागद लावलेल्या पावाच्या टिनमध्ये दाबून भरा. १८० अंशांवर फॉइलखाली ३० मिनिटं, उघडं १५. गरम कापला तर चुरा होतो, १५ मिनिटं थांबा. हे आधी भाजून ठेवा, त्यांचे बटाटे तेलात वेगळ्या ट्रेमध्ये करा आणि सुरीही वेगळी ठेवा.

ओव्हन एकच असेल तर कोंबडी व्हायला ३० मिनिटं उरली की उकडलेले बटाटे खालच्या जाळीवर सरकवा. कोंबडी बाहेर विसावली असताना ते २०० अंशांवर वर लाल होतात, त्याच वेळात गॅसवर ग्रेव्ही. जेवणं झाली की उरलेलं मांस दोन तासांच्या आत हाडांवरून काढून फ्रिजमध्ये ठेवा, आणि हाडांचा रस्सा त्याच रात्री लावा.