फोटो ७२चा आहे म्हणे!

नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात एका माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठाचा फोटो माझ्याकडे आला. फोटोशॉपमध्ये उघडला, इमेज साइझ बघितली आणि रिझोल्यूशनच्या चौकटीत दिसले ७२. शिकताना एकच मंत्र पाठ केला होता: इंचाला पिक्सेल छपाईला ३००, स्क्रीनला ७२. फोटोग्राफरने हलकी फाइल टेकवली, असे मी परस्पर ठरवून टाकले. ७२ खोडून ३०० लिहिले आणि ओके दाबले.

दाबण्याआधी त्याच खिडकीत वर चित्राचे वजन ६८.७ एमचे (एमबी) १.१६ जी (जीबी) झाले होते. ते वाचले असते तर पुढचा अर्धा तास वाचला असता. मशीनचा पंखा घोंघावू लागला, साधा क्रॉप करायचा तरी थांबून राहावे लागे. शेवटी सीनियर ताई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"फोटो केवढा आहे?"

"बहात्तरचा."

"ते नाही विचारलं. पिक्सेल किती?"

ते मी पाहिलेच नव्हते.

फोटो ६००० बाय ४०००चा होता, म्हणजे २.४ कोटी पिक्सेल. रीसॅम्पलची, म्हणजे पिक्सेलची संख्या बदलू देणारी खूण तशीच ठेवून मी ७२चे ३०० केले, तेव्हा फोटोशॉपला वाटले की छापील आकार तेवढाच ठेवून दर इंचात जास्त पिक्सेल हवेत. त्याने इमानेइतबारे २५,००० बाय १६,६६७चे चित्र करून दिले. मूळच्या सतरापटीहून जास्त. हे वाढीव पिक्सेल कॅमेऱ्याने टिपलेले नव्हते, शेजारच्यांकडे बघून अंदाजाने भरलेले होते.

ताईंनी अनडू केले, रीसॅम्पलची खूण काढली आणि पुन्हा ३०० लिहिले. पिक्सेल जिथल्या तिथे. फक्त रुंदी ८३.३ इंचांवरून २० इंचांवर आली. मग म्हणाल्या, "आता भागाकार कर." मुखपृष्ठ ए-फोर, उभे, उंची ११.७ इंच. आपल्याकडे उभे पिक्सेल ४०००. भाग दिला तर इंचाला जवळजवळ ३४२. ज्या फाइलला मी नावे ठेवत होतो ती गरजेपेक्षा सरस होती.

मग हा ७२ येतो कुठून? १९८४ साली आलेल्या पहिल्या मॅकिंटॉशचा पडदा ५१२ बाय ३४२ पिक्सेलचा होता आणि त्यात एका इंचात ७२ पिक्सेल बसत. छपाईतला पॉइंटही इंचाचा सुमारे बहात्तरावा भाग, त्यामुळे पडद्यावरचे अक्षर आणि कागदावरचे अक्षर एकाच मापाचे दिसे. विंडोजने पुढे ९६ धरले. आजचे पडदे यातल्या कुठल्याच आकड्याला बांधलेले नाहीत, पण आकडा मात्र चिकटून राहिला. फोटोसोबत माहिती साठवणाऱ्या एक्झिफ मानकातच लिहिले आहे की रिझोल्यूशन माहीत नसेल तर ७२ टाका. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला काय माहीत तुम्ही फोटो केवढा छापणार! आणि फाइलमध्ये हा आकडा नसेलच तर फोटोशॉपही ७२ धरून चालते. फोटोंवर काम करायची इतर सॉफ्टवेअरही आपापले आकडे लावतात: लाइटरूम एक्स्पोर्टच्या वेळी आपणहून २४० सुचवते, गिंपची नवी फाइल ३००ने सुरू होते. एकच फोटो तीन ठिकाणांहून फिरून आला तर तीन आकडे दिसू शकतात आणि पिक्सेल तेवढेच असू शकतात.

उलटी चूकही मी केलीच. पुढे एक लोगो आला, त्यावर ३०० लिहिलेले. मी निर्धास्त. तो होता जेमतेम ४०० पिक्सेल रुंद. म्हणजे ३००च्या हिशोबाने साडेतीन सेंटिमीटरही नाही आणि मी तो अर्ध्या पानभर ताणलेला. प्रूफ, म्हणजे तपासणीची छापील प्रत आली तेव्हा कडा चावल्यासारख्या दिसत होत्या. डब्यावरची चिठ्ठी वाचून आत काय आहे ते ठरवले, दुसरे काय.

तरी हा आकडा अगदीच निकामी समजू नका. मजकूर पॉइंटमध्ये मोजला जातो, तिथे तो लगेच जाणवतो: ७२च्या फाइलमध्ये १२ पॉइंटचे अक्षर १२ पिक्सेलचे असते, ३००च्या फाइलमध्ये ५० पिक्सेलचे. म्हणून छपाईची नवी फाइल उघडतानाच आकार आणि रिझोल्यूशन दोन्ही नीट भरा. आधीच्या कामाची सेटिंग तशीच राहिलेली असते आणि ती नेमकी घाईच्या दिवशी नडते. पानांची मांडणी करायच्या इनडिझाइनमध्ये फोटो ठेवल्यावर लिंक्सच्या पॅनलमध्ये ॲक्च्युअल आणि इफेक्टिव्ह असे दोन पीपीआय, म्हणजे इंचाला पिक्सेल दिसतात. पहिला फाइलवर लिहिलेला, दुसरा त्या आकाराला खरोखर मिळणारा. मी दुसराच बघतो.

३०० हीसुद्धा दगडावरची रेघ नाही. हातभर अंतरावरून वाचायच्या छपाईला तो सोयीचा, कारण फूटभर अंतरावरून साधारण तेवढेच बारकावे डोळ्याला वेगळे दिसतात. तीन मीटरवरून बघायच्या फलकाला हेच गणित इंचाला तिसाच्या आसपास येते.

आणि हो, पीपीआय म्हणजे इंचातले चित्राचे पिक्सेल, डीपीआय म्हणजे इंचातले छपाईयंत्राचे ठिपके. बोलताना मात्र सगळे सरसकट डीपीआयच म्हणतात. कुणाला दुरुस्त करत बसू नका. "तीनशे डीपीआयची फाइल पाठवा" असा निरोप आला की एवढेच विचारा: "छापायची केवढी?"