स्पोर्टिंग क्लेजसाठी शॉटगन : निवडीतल्या आणि वापरातल्या या चुका टाळा

स्पोर्टिंग क्लेज म्हणजे यंत्राने उडवलेल्या तबकड्या शॉटगनने, म्हणजे एका बारात अनेक छर्रे सोडणाऱ्या बंदुकीने, फोडण्याचा खेळ. त्याच्या मैदानावर एका स्थानकावर तबकडी समोरून आडवी जाते, पुढच्या स्थानकावर ती नेमबाजाच्या डोक्यावरून मागून पुढे झेपावते, तर कुठे कडेवर उभी राहून जमिनीवरून उसळ्या घेत पळते. प्रमाण तबकडी १०८ मिलिमीटर व्यासाची असली, तरी ९० मिलिमीटरची ‘मिडी’ आणि ६० मिलिमीटरची ‘मिनी’ही मधूनच समोर येते, आणि जवळून जाणारी मिनी ही दूरवरची मोठी तबकडी आहे असा भास होतो. इतक्या प्रकारांत तबकड्या हुकणे स्वाभाविक आहे. मात्र हुकण्याचे कारण शोधताना नेमबाज आधी चोक (नळीच्या तोंडाशी बसणारे, छर्र्यांचा पसारा कमी-जास्त करणारे नळकांडे) बदलतो, मग काडतूस बदलतो आणि शेवटी बंदूकच बदलतो. हातातली बंदूक डोळा पाहतो तिथेच मारते की नाही, हे बहुतेकांनी कधीच तपासलेले नसते. पुढे सांगितलेल्या निम्म्याहून अधिक चुकांचे मूळ या न केलेल्या तपासणीत आहे.

बंदूक पसंत केली, माप पाहिलेच नाही

शॉटगनला रायफलसारखी मागची साइट नसते. ते काम नेमबाजाचा डोळा करतो आणि डोळा कुठे येईल हे दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागाची, घडण ठरवते. दस्त्याच्या ज्या वरच्या कडेवर गाल टेकतो ती उंच असेल तर डोळा वर जातो आणि छर्रे वर जातात. ती सखल असेल तर डोळा रिबच्या, म्हणजे नळीवरच्या लांब पट्टीच्या, खाली दडतो आणि छर्रे खाली पडतात. डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंतचे अंतर साधारण एक मीटर धरले, तर डोळा अवघा ३ मिलिमीटर वर सरकल्याने ३० मीटरवर मार सुमारे ९ सेंटिमीटर वर जातो. मिनी तबकडीचा व्यास याहून कमी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे दस्त्यावरचे मिलिमीटर किती मोलाचे असतात ते कळते.

दुकानात बंदूक खांद्याला लावून आरशात पाहणे पुरेसे नाही, कारण तेव्हा नेमबाज स्वतःच मान वळवून बंदुकीशी जुळवून घेत असतो. खरी तपासणी मोठ्या कोऱ्या कागदावर किंवा रंग दिलेल्या लोखंडी पाटीवर होते. नळीत घट्ट चोक लावावा, सुमारे १५ मीटरवर एक ठळक खूण करावी, बंदूक नेहमीच्या चालीने खांद्याला आणावी आणि नेम न धरता, केवळ खुणेकडे पाहत, लगेच बार काढावा. असे सहा-आठ बार झाले की छर्र्यांच्या गर्दीचा मध्य स्पष्ट दिसू लागतो. या अंतरावर मध्य खुणेपासून अडीच सेंटिमीटर बाजूला असेल, तर दस्त्यात साधारण दीड मिलिमीटरची दुरुस्ती लागते, असा दस्ता बसवणाऱ्या कारागिरांचा जुना आडाखा आहे. ज्यांच्या बंदुकीला गालाखालची उंची बदलता येणारा दस्ता आहे, त्यांना ही दुरुस्ती स्वतः करता येते; इतरांनी ती जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावी, कारण तासलेले लाकूड परत भरता येत नाही.

अंगावरच्या खुणाही मापाबद्दल बरेच सांगतात. गालाचे हाड दुखत असेल तर दस्त्याची कड उंच असण्याची किंवा मान गरजेपेक्षा अधिक दाबली जाण्याची शक्यता असते. चापामागचे मधले बोट ठेचले जात असेल किंवा अंगठा नाकावर आदळत असेल तर दस्ता आखूड असतो. बंदूक वर आणताना दस्ता काखेतल्या कपड्यात अडकत असेल तर तो लांब आहे, किंवा जाकीट फुगीर आहे. दस्ता बाजूला किंचित वळवलेला असतो आणि उजव्या खांद्याच्या नेमबाजासाठी तो उजवीकडे वळवतात. डावखुऱ्याने अशी बंदूक तशीच वापरली तर त्याचा मार सतत एका बाजूला जातो आणि त्याचे खापर मात्र चोकवर फुटते.

ट्रॅप या तबकड्यांच्याच दुसऱ्या खेळासाठी घडवलेली बंदूक स्वस्तात मिळाली म्हणून घेणे ही याच जातीची चूक आहे. ट्रॅपमध्ये तबकडी दूर जाताना वर चढत असते, म्हणून त्या बंदुका मुद्दाम उंच मारतात. स्पोर्टिंगमध्ये तबकडी खाली पडतानाही मारावी लागते आणि तिथे उंच मारणारी बंदूक नेमबाजाला प्रत्येक वेळी मनात वजाबाकी करायला लावते. छर्र्यांचा निम्मा भाग खुणेच्या वर आणि निम्मा खाली, किंवा फार तर साठ टक्के वर, अशी बंदूक या खेळाला बरी.

वरचढ डोळा कोणता, याची चौकशी न करणे

उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा डोळा वरचढ असेल, तर नळी एकीकडे रोखलेली असते आणि मेंदू दुसरीकडून पाहत असतो. हात लांब करून दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या वस्तूकडे बोट दाखवावे आणि मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने पाहताना बोट वस्तूवरच राहते तो डोळा वरचढ. उलटा डोळा वरचढ निघाला तर खांदा बदलणे, बंदूक वर येताना तो डोळा मिटणे, किंवा चष्म्याच्या त्या काचेवर नजरेच्या रेषेत छोटा अपारदर्शक तुकडा चिकटवणे, असे उपाय आहेत. नवशिक्याने शक्य असल्यास खांदाच बदलावा, कारण त्याला जुनी सवय मोडायची नसते.

हलक्या बंदुकीचा मोह

हलकी बंदूक हातात घेताच आवडते, पण शंभर तबकड्यांच्या फेरीत तीच खांदा सोलून काढते. काडतूस तेच असेल तर बंदूक जितकी हलकी तितका धक्का जोराचा, आणि हलकी नळी वळवता वळवता मध्येच थांबण्याची शक्यताही अधिक. स्पोर्टिंगच्या १२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप; आकडा लहान तितकी नळी रुंद) दुनळी बंदुका साधारण साडेतीन ते पावणेचार किलोच्या आणि ७६ किंवा ८१ सेंटिमीटर नळीच्या असतात, ते याचसाठी. लहान चणीच्या व्यक्तीला सरळ हलकी २० बोअर बंदूक देण्याची प्रथा मला पटत नाही. तिच्या हाती वजन पेलेल अशी, गॅसवर चालणारी (बाराच्या गॅसच्या दाबाने पुढचे काडतूस आपोआप चढवणारी) १२ बोअर सेमी-ऑटोमॅटिक आणि २४ ग्रॅमचे काडतूस दिले, तर धक्का सौम्य बसतो आणि छर्रेही भरपूर मिळतात. नळ्या एकावर एक असलेली दुनळी की सेमी-ऑटोमॅटिक, हा वाद न संपणारा आहे. दुनळीत दोन वेगळे चोक लावता येतात आणि ती उघडी असल्याचे दुरून दिसते. सेमी-ऑटोमॅटिक धक्का खाते, पण साफसफाई मागते. दोन्हींवर उत्तम नेमबाज घडले आहेत.

चोकची सतत अदलाबदल

प्रत्येक स्थानकावर किल्ली काढून चोक बदलणारा नेमबाज तबकडी पाहण्यात जायला हवे ते लक्ष खिशातल्या नळकांड्यांवर घालवतो. चोकचे मोजमाप सुमारे ३६ मीटरवर ७६ सेंटिमीटरच्या वर्तुळात किती छर्रे पडतात यावरून करतात : इम्प्रूव्ह्ड सिलिंडरमधून साधारण ५० टक्के, मॉडिफाइडमधून ६० आणि फुलमधून ७०. स्पोर्टिंगच्या बऱ्याचशा तबकड्या १८ ते ३५ मीटरच्या टप्प्यात फुटतात. तेवढ्यासाठी एका नळीत इम्प्रूव्ह्ड सिलिंडर आणि दुसरीत मॉडिफाइड लावून फेरी संपेपर्यंत ते विसरून जाणे, हा माझा सल्ला आहे. फुल चोक लावून तबकडीची पूड होताना पाहण्यात मजा आहे खरी, पण २० मीटरवर त्याच चोकने हुकलेल्या तबकड्या कोणी मोजत नाही.

चोकवरचे नाव प्रमाण मानण्यापेक्षा आपल्याच काडतुसाने कागदावर बार काढून पाहावे, कारण एकच चोक वेगवेगळ्या काडतुसांना वेगवेगळा पसारा देतो. शिवाय चोकच्या आट्या सर्वत्र सारख्या नसतात. बेरेटाचे मोबिलचोक आणि ऑप्टिमा, ब्राउनिंगचे इन्व्हेक्टर आणि इन्व्हेक्टर प्लस, हे एकाच कंपनीचे असूनही परस्परांच्या जागी बसत नाहीत. जबरदस्तीने फिरवलेला चोक नळीच खराब करतो. बसलेला चोकही बारांच्या हादऱ्यांनी सैल होतो. म्हणून दोन स्थानकांच्या मध्ये, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, तो बोटाने चाचपून पाहावा आणि आट्यांना थोडे ग्रीस लावून ठेवावे, नाहीतर तो कधीतरी कायमचा अडकून बसतो.

वेगवान काडतुसावर भिस्त

समजा, तबकडी ३० मीटरवरून सेकंदाला २० मीटर वेगाने आडवी जात आहे. छर्र्यांना तिथे पोहोचायला सेकंदाचा साधारण दहावा भाग लागतो, म्हणजे नेम सुमारे दोन मीटर पुढे हवा. आता सेकंदाला ३६५ मीटर वेगाऐवजी ४०० मीटर वेगाचे काडतूस घेतले, तर ही आघाडी बारा-पंधरा सेंटिमीटरने कमी होते; जो नेमबाज तबकडीच्या मीटरभर मागे मारतो आहे, त्याचे यात काही भागत नाही. धक्का मात्र ताबडतोब वाढतो. साध्या वेगाचे २८ ग्रॅमचे काडतूस बहुतेक सर्व तबकड्यांना पुरे पडते.

काडतुसावरचा छर्र्याचा क्रमांकही देशागणिक बदलतो. अमेरिकेतला साडेसात क्रमांकाचा आणि इंग्लंडमधला सात क्रमांकाचा छर्रा दोन्ही २.४ मिलिमीटरच्या आसपास असतात. म्हणून क्रमांकापेक्षा मिलिमीटरकडे पाहावे.

दोन मीटर पुढे मारायचे म्हणजे ते अंतर मोजायचे, अशी समजूत करून घेऊन कित्येक जण नळीच्या टोकावरच्या नेमाच्या मण्याकडे पाहू लागतात. नजर मण्यावर आली की हात थांबतो आणि हात थांबला की छर्रे मागे पडतात. नजर तबकडीच्या पुढच्या कडेवरच राहायला हवी. नळी नजरेच्या कडेला धूसर दिसते, तेवढे पुरे. बार झाल्यानंतरही नळी क्षणभर फिरती ठेवण्याची सवय लावावी. बंदूक खांद्याला घट्ट धरून तबकडीची वाट पाहण्याऐवजी ती थोडी खाली ठेवून, तबकडीबरोबर वर आणायला शिकले, तर तबकडी लवकर दिसते आणि खेळाची रंगतही वाढते. याचा सराव घरी रिकाम्या बंदुकीने, पुन्हा पुन्हा तपासून, होऊ शकतो.

दुसरा बार उडत नाही तेव्हा

जोडीने सोडलेल्या तबकड्यांतली दुसरी डोळ्यांदेखत निघून जाते आणि चाप निर्जीव वाटतो, तेव्हा बिघाड गृहीत धरण्याआधी बोट पूर्ण सुटले होते का ते पाहावे. घाईत चाप पुरता सोडलाच जात नाही, हे अगदी नेहमीचे कारण आहे. अनेक दुनळ्यांचा एकच चाप पहिल्या बाराच्या धक्क्यानेच दुसऱ्या नळीसाठी तयार होतो. फारच हलके काडतूस वापरले, किंवा दस्ता खांद्याला नीट लागलेला नसला, तर हा धक्का अपुरा पडू शकतो. पहिले काडतूस फुटलेच नाही तर अशा बंदुकीत दुसरी नळी आपोआप तयार होत नाही, यात बंदुकीचा दोष नाही. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये दुसरे काडतूस चढले नाही तर आधी गॅस पिस्टनावरची काजळी साफ करावी, ज्या बंदुकांत तिथे रबरी कडी असते त्यांत ती तुटली आहे का पाहावे आणि त्यानंतर काडतूस थोडे जड घेऊन पाहावे.

जिथे एकही चूक परवडत नाही

२० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत टाकले तर ते चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेच्या, पुढे सरकून नळीत अडकते. वरून नळी रिकामी वाटते आणि मागे १२ बोअरचे काडतूस बसतेसुद्धा. तो बार उडाला की नळी फुटते. २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची बनवतात ती याच कारणाने. दोन्ही बोअरची काडतुसे एका खिशात, एका पिशवीत कधीही ठेवू नयेत.

बाराचा आवाज दबका आला, धक्का नेहमीपेक्षा कमी बसला, तर पुढचा बार काढूच नये. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार पाहावे, कारण आत काडतुसातला प्लास्टिकचा वॅड (छर्र्यांमागचे बूच) अडकलेला असू शकतो. काडतूस फुटले नाही तर नळी मैदानाच्या दिशेने ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे आणि मगच बंदूक उघडावी. जुन्या बंदुकांचे चेंबर ६५ मिलिमीटरचे असू शकते. ७० मिलिमीटर हे आजच्या काडतुसाचे माप उडाल्यावर तोंड उघडलेल्या अवस्थेतले असल्यामुळे न उडालेले काडतूस त्या आखूड चेंबरातही बिनतक्रार बसते, पण उडाल्यावर तोंड उघडायला तिथे जागा पुरत नाही, आणि म्हणूनच ते फसवे आहे. कानांचे आणि डोळ्यांचे संरक्षण बघ्यांनाही लागते, कारण फुटलेल्या तबकडीचे तुकडे कुठेही उडतात.

वापरलेली बंदूक घेताना

दुनळीचा पुढचा लाकडी भाग काढून नळ्या बाजूला हलवून पाहाव्यात. खडखड जाणवली किंवा बंद बंदुकीत नळ्या आणि मागचा भाग यांच्या फटीतून उजेड दिसला, तर बिजागरी झिजलेली आहे. नळीतून उजेडाकडे पाहताना आत अंगठीसारखी गडद कडी दिसली तर तिथे फुगवटा आहे. बाहेरून बोट फिरवूनही तो अनेकदा जाणवतो. आधीच्या मालकाने दस्ता आपल्या मापाने कापलेला असू शकतो. मात्र आखूड दस्ता जाड रबरी पॅड लावून वाढवता येतो, त्यामुळे तेवढ्यासाठी सौदा मोडण्याचे कारण नाही. नळीतला फुगवटा किंवा चोकपाशी गेलेली चीर आढळली, तर बंदूक कितीही देखणी असली तरी तिथेच परत द्यावी.