रोमन मातीचा दिवा नीट कसा तेवतो

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इटलीत घरोघरी जळणारा दिवा आपल्या पणतीसारखा उघडा नव्हता. वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या साच्यांत काढून ओलेपणीच जोडत. पोट बंद, वर खोलगट चकती, चकतीत तेल ओतायचं भोक, पुढे वातीची चोच, काहींना मागे बोटात धरायला कान. चकतीवरचं चित्र देखणं असतंच, पण तिची खोलगी फार कामाची: सांडलेलं तेल ओघळून परत भोकातच जातं.

खरा जुना दिवा कधीही पेटवू किंवा घासूनपुसून धुऊ नका. चोचीवरची काजळी आणि मातीत मुरलेलं तेल हाच त्याचा पुरावा. वापरायची ती नवी प्रतिकृती.

कोरी भाजलेली माती तेल पिते, म्हणून नव्या पणतीसारखाच हा दिवाही रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. मग उलटा करून पूर्ण निथळू द्या. चोचीत पाणी राहिलं तर वात तडतडते. एवढं करूनही थोडं तेल पाझरतंच, तेव्हा खाली ताटली हवी.

वात तागाच्या किंवा सुती धाग्याची, पीळ दिलेली, दहा-बारा सेंटिमीटर लांब. फुलवात इथे चालत नाही. नायलॉनमिश्रित दोरा वितळतो. चोचीतून वात आत सारा, टोक पोटाच्या तळाला टेकलं पाहिजे. ती चोचीत सैल बसावी. ठासून भरली तर तेल वर चढत नाही आणि ज्योत मिणमिणते.

ऑलिव्हचं तेल पाऊण पोटापर्यंत भरा. वातीच्या टोकाला तेलाचा थेंब लावा, पाच-दहा मिनिटं थांबा, मगच काडी लावा. कोरडी वात पेटवली की तेल पोचण्याआधीच ती कोळसा होते. रॉकेल मात्र अजिबात नको: सच्छिद्र मातीतून ते बाहेर येतं आणि सहज पेट घेतं.

वात चोचीबाहेर दोन-तीन मिलिमीटरच. धूर निघाला तर ती जास्त बाहेर आहे, सुईने मागे ओढा. ज्योत खाली बसली तर आधी तेल बघा. पातळी निम्म्याखाली गेली की वातीला ते वर ओढणं जड जातं. तेल पुरेसं असेल तर जळकं टोक खुडून वात किंचित पुढे सारा. त्यासाठी बारीक सुई जवळच असू द्या.

मालवताना फुंकू नका, चिमट्याने वातीचं टोक दाबा. मग उरलेलं तेल ओतून घ्या, नाहीतर विझलेली वातही रात्रभर तेल ओढून चोचीवरून ठिबकत राहते.