मराठी पोस्टर करताय? मग शिरोरेषेला जागा द्या

बरेच जण पोस्टर करायला बसले की आधी बॅकग्राउंड शोधतात, मग चार फॉन्ट डाउनलोड करतात, मग रंग, आणि मजकूर अगदी शेवटी उरलेल्या जागेत कोंबतात. हे उलटं करून बघा. सगळा मजकूर पांढऱ्या पानावर साध्या काळ्या अक्षरात टाका आणि ठरवा की बघणाऱ्याने आधी काय वाचायचंय, नंतर काय, आणि काय नाही वाचलं तरी चालेल. मग साइजमध्ये दणदणीत फरक करा, मजकूर १२ पॉइंट आणि हेडिंग १४ ठेवलं तर ते हेडिंग वाटतच नाही, चुकून मोठं झाल्यासारखं दिसतं, सरळ ३०च्या पुढे न्या. डोळे बारीक करून बघायचं, सगळं धूसर झालं तरी जे उठून दिसतं तेच लोक आधी वाचणार.

अलाइनमेंटबद्दल एवढंच की एक कडा पकडा आणि सोडू नका, सगळं सेंटर करायचा मोह होतो पण तीन-चार ओळींच्या पुढे सेंटर मजकूर वाचायला त्रास होतो. मोकळी जागा दिसली की तिथे फुलं-वेली टाकायच्या नाहीत, ती मोकळी जागाच हेडिंगला उठाव देते.

आता खरा विषय, अक्षरं. डिझाइनचे बहुतेक धडे रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले असतात आणि ते जसेच्या तसे मराठीला लावले की घोळ होतो. आपल्या अक्षराच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार असतात आणि खाली उकार, जोडाक्षरं, त्यामुळे रोमनला पुरणारं ओळींमधलं अंतर आपल्याला कमी पडतं, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. लाइन स्पेसिंग फॉन्ट साइजच्या दीडपटीपासून सुरू करा आणि डोळ्याने बघत कमी-जास्त करा. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका! रोमन कॅपिटल्समध्ये ते छान दिसतं, इथे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. इटॅलिकही टाळाच, ती आपल्या लिपीची मूळची रीत नाही आणि सॉफ्टवेअर नुसतंच अक्षर तिरकं ओढतं, जोर द्यायचा तर वजन, म्हणजे अक्षराची जाडी, बदला.

फॉन्ट निवडताना त्याचं नाव कसं दिसतंय यावर जाऊ नका, 'मूर्तींची', 'दुसऱ्या', 'हृदय', 'लक्ष्मी' असे शब्द टाइप करून बघा. 'मूर्तींची'मध्ये एकाच अक्षरावर रफार, वेलांटी आणि अनुस्वार येतात, तिथे गर्दी झाली की फॉन्ट कच्चा आहे हे लगेच कळतं. ल आणि श पण बघा, मराठी वळणाचे आहेत की हिंदी वळणाचे, काही फॉन्टमध्ये दोन्ही असतात आणि भाषा मराठी निवडली की आपले येतात. मुक्ता हा फुकट मिळणारा फॉन्ट सुरुवातीला छान आहे, त्यात बारीक ते जाड अशी बरीच वजनं मिळतात म्हणजे दुसरा फॉन्ट लागतच नाही. पारंपरिक वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा. एका पोस्टरवर दोनच्या वर फॉन्ट नकोत. आणि जुन्या फोटोशॉपमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येत असेल किंवा जोडाक्षरं फुटत असतील तर फॉन्टला दोष द्यायच्या आधी टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट, म्हणजे आपल्यासारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय, चालू आहे का ते बघा.

रंगात सुंदर-कुरूपच्या आधी एकच विचारायचं, वाचता येतंय का. वेबसाइट सगळ्यांना वाचता याव्यात म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी नियमांत एए या पातळीला साध्या मजकुराला किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, सांगितलाय, मोठ्या अक्षरांना ३ : १, आणि हा रेशो मोजून देणारी टूल्स ऑनलाइन फुकट आहेत. पांढऱ्यावर पिवळं तर त्याच्या जवळपासही जात नाही, गडद निळ्यावर लाल डोळ्यात नाचतं. डिझाइन एकदा ग्रेस्केल, म्हणजे नुसतं काळं-पांढरं-करडं, करून बघा, तिथे मजकूर बॅकग्राउंडमध्ये मिसळला तर रंग कितीही आवडता असो, बदला. एक रंग जास्त जागेवर, दुसरा कमी, आणि तिसरा भडक रंग फक्त जिथे नजर खेचायचीय तिथेच, म्हणजे तारखेवर किंवा बटणावर. तो चार ठिकाणी वापरला की कुठेच नजर थांबत नाही.

छापायचं असेल तर फाइल सुरुवातीलाच सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत, करा, स्क्रीनवरचा झगमगीत हिरवा-निळा शाईत तसा उतरत नाही आणि शेवटी कळलं की फार वाईट वाटतं. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा, चार शाया मिळून केलेला काळा जरा सरकला की अनुस्वारांना रंगीत सावली येते. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा बॅकग्राउंड, सोडा. पीडीएफ झाली की ती दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून प्रत्येक रफार आणि जोडाक्षर बोट ठेवून तपासा, मगच छापायला पाठवा.