कसबा पेठेतला फ्लॅट: मिळकत पत्रिकेवर अजून वाडामालकच

वाडा पाडून बांधलेल्या इमारतीत फ्लॅट घेताना सातबारा शोधत बसू नका. पुण्याच्या पेठांत बघायची ती सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, म्हणजे जमीन कुणाच्या नावे आहे त्याची नोंद. आमची गाडी तिथेच अडली. फ्लॅटची सूची २ (नोंदलेल्या दस्ताचा उतारा) चोख, पण जमीन मूळ वाडामालकाच्याच नावे. बिल्डरने सोसायटीला अभिहस्तांतरण (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे करणं) करून दिलंच नव्हतं. राहायला अडचण नाही. उद्या पुनर्विकास काढला की वारसांच्या सह्यांवर घोडं अडतं.

उपाय सोसायटीच्या हातात आहे: मोफा (महाराष्ट्राचा सदनिका मालकी) कायद्याच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने न दिलेली मालकी आदेशाने मिळवण्याचा, अर्ज. सोबत सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी, सूची २, मंजूर नकाशा. साठेखताआधी आम्ही या अर्जाची पोच मागून घेतली. आदेश आला की दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा आणि मग सिटी सर्व्हेत फेरफार. ही शेवटची पायरी हमखास राहते, आणि पत्रिकेवर जुनंच नाव!

आणखी एक, अंतर मोजा. शनिवारवाड्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरांत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीनेच. त्या १०० मीटरांत पुनर्विकासाच्या आशेवर जादा भाव देणं शुद्ध वेडेपणा. तिथे दुरुस्तीलाही परवानगी लागते.